ठाणं आणि नवी मुंबई धुंडाळायची रीत: जुनी दुकानं, खाणं आणि पाटी नसलेली संग्रहालयं

ठाण्यात नव्याने राहायला आलेला माणूस भूक लागली की मोबाइल काढतो. नकाशात वर आलेल्या चार नावांतलं एक निवडतो, खाऊन येतो आणि वर्षभराने सांगतो, "ठाण्यात काही विशेष नाही हो, सगळं मॉलमध्येच." त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? ज्या जागेचे फोटो जास्त निघतात तीच नकाशात वर येते. जांभळी नाक्यावर वाती, कापूर आणि हळदकुंकू घेणारं गिऱ्हाईक दुकानाचा फोटो काढत बसत नाही. सामान पिशवीत टाकतं आणि बस पकडतं.

त्यामुळे पुढे जागांची नावं येतील, पण भर शोधायच्या रीतीवर आहे. कुठे जायचं हे ठरवण्याआधी किती वाजता जायचं ते ठरवा. नौपाड्यातली एकच गल्ली सकाळी सातला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी साडेसातला बघा, तीन वेगळ्या गल्ल्या वाटतील. बहुतेक लोक रविवारी संध्याकाळी सहाला बाहेर पडतात, म्हणजे शोधाशोधीसाठी आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ निवडतात.

आधी तुकडा पाडा

सगळं ठाणं एका दिवसात होत नाही आणि करूही नये. दोन तासांत पायी फिरून होईल एवढाच तुकडा घ्या. पहिला तुकडा म्हणून स्टेशनची पश्चिम बाजू ते टेंभी नाका हा पट्टा मी सुचवतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली, तेव्हा गावाचं स्वरूप खाडी, तळं, देऊळ, बाजार आणि किल्ला एवढ्यातच होतं. आजही हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसगाड्यांच्या उंच पुलाखालून बाहेर पडा, बाजारपेठेतून जांभळी नाका गाठा, पुढे कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, आणि तिथून टेंभी नाका. रिक्षा करायची नाही. रिक्षातून गल्ली दिसते, दुकान दिसत नाही.

दुसरा तुकडा नौपाडा, विष्णुनगर आणि घंटाळी. तिसरा चरई आणि खारकर आळी. चौथा रूळ ओलांडून कोपरी. वागळे इस्टेट कामाच्या दिवशी दुपारी बघावी, कारण तिथली जेवणाची ठिकाणं कामगारांच्या आणि ऑफिसवाल्यांच्या सुट्टीवर चालतात आणि रविवारी तिकडे शुकशुकाट असतो. घोडबंदर रोड शेवटी ठेवा. तो चालायचा रस्ता नाही, आणि तिथे जे आहे ते मोबाइल तुम्हाला न विचारताच दाखवतो.

घड्याळ लावून निघा

सकाळी साडेसहा ते साडेआठ ही बाजाराची वेळ. जांभळी नाक्यावर भाजी आणि फुलं उतरत असतात, दुकानदार निवांत असतो, बोलायला तयार असतो. दसऱ्याच्या किंवा गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र शोध घ्यायला जाऊ नका. झेंडूच्या ढिगाऱ्यातून पाय काढणं एवढंच काम होतं. देवळाच्या आसपासची पूजेच्या सामानाची, तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं साडेदहाच्या सुमारास उघडतात. म्हणजे लवकर गेलात तर मधला वेळ नाश्त्याला आणि तळ्याकाठी एका फेरीला मिळतो.

दुपारी एक ते चार. जुन्या नौपाड्यातली बरीच दुकानं या वेळात शटर ओढतात. नव्या माणसाला याचा राग येतो, पण ही खूण समजा: जो मालक दुपारी घरी जाऊन जेवतो आणि पडतो, त्याचं दुकान बहुधा मालकीचं असतं, घर जवळ असतं आणि धंदा जुना असतो. या वेळात खानावळी बघाव्यात. आठवड्याची सुट्टी गल्लीगणिक बदलते, ती शटरवर किंवा पाटीच्या कोपऱ्यात लिहिलेली असते. जाता-येता टिपून ठेवा.

संध्याकाळी सहानंतर गोखले रोड आणि राम मारुती रोड कपडे आणि चपला घेणाऱ्यांचे असतात. तिथे जायचंच तर खरेदीला जा. शोध घ्यायचा असेल तर त्याच वेळी आडव्या गल्ल्यांत शिरा, जिथे पोळी-भाजी केंद्रांसमोर माणसं डबे घेऊन उभी असतात.

या केंद्रांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून आलेला माणूस ती खाण्याच्या जागांत धरतच नाही. बसायला जागा नसते, मेनूकार्ड नसतं, बऱ्याचदा नावही फक्त आडनावाचं असतं. काउंटरवर स्टीलचे मोठे डबे, मागे तव्यावर पोळ्या, आणि बाजूला खडूने लिहिलेला फळा: आजच्या दोन भाज्या, एक उसळ, कधी अळूचं फतफतं, कधी डाळिंबी. पोळ्या मोजून कागदात गुंडाळल्या जातात, भाजी पिशवीत भरून तिचं तोंड एका झटक्यात दोऱ्याने बांधलं जातं. आठ वाजून गेले की चांगली भाजी संपलेली असते आणि उरते ती बटाट्याची. पहिल्या दिवशी एकच भाजी घ्या आणि विचारा, "उद्या काय आहे?" काउंटरवरच्या काकूंना आठवड्याचा क्रम तोंडपाठ असतो. वालाचं बिरडं, अळू, मटकी यांचे वार कळले की तुमचं अर्धं काम झालं.

याच केंद्रांतून घरगुती ऑर्डरींचा पत्ता लागतो. ठाण्यात सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) वस्ती जुनी, त्यामुळे सोड्याची खिचडी, खाजाचे कानवले, श्रावणातलं निनावं असे पदार्थ करून देणाऱ्या बायका इथे सापडतात, पण त्यांचं दुकान नसतं आणि नकाशावर त्या कधीच दिसत नाहीत. पोळी-भाजीवाल्याला, किराणावाल्याला विचारायचं, फोन करायचा, दोन दिवस आधी सांगायचं. गणपतीत उकडीचे मोदक हवे असतील तर आठवडाभर आधी.

पाट्या वाचायला शिका

"आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी लोक विनोद म्हणून सांगतात. मी ती गंभीरपणे घेतो. याचा अर्थ त्या नावाची नक्कल करावी असं दुसऱ्या कुणाला तरी वाटलं, म्हणजे माल विकला जातो. स्थापनेचं साल लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण साल हल्लीच्या फ्लेक्सवरही छापतात, म्हणून त्यावर एकट्यावर जाऊ नका. त्याहून भरवशाची खूण म्हणजे रंगवलेल्या पाटीवरचा जुना, आजच्यापेक्षा कमी आकड्यांचा लँडलाइन नंबर. पाटी बदलायची गरज ज्याला वाटली नाही त्याला गिऱ्हाईक आपोआप येतंय.

काचेवर हाताने लिहून चिकटवलेले कागद नीट वाचा. "ऑर्डरप्रमाणे करून मिळेल", "भाजणी दळून मिळेल", "मसाला कुटून मिळेल". यातला शेवटचा कागद दिसला आणि महिना मार्च ते मे असला तर थांबाच. मिरच्या आणि खडे मसाले घरून भाजून आणायचे आणि डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, कुटून घ्यायचे ही पद्धत ठाण्यात अजून टिकून आहे. लोखंडी मुसळं आळीपाळीने उखळात पडत असतात, कुटणारी बाई तोंडाला फडकं बांधून चाळणीत मसाला चाळते आणि चाळणीवर राहिलेलं पुन्हा उखळात टाकते. दोन मिनिटांत तुम्हाला शिंका येणार. रांगेत उभ्या असलेल्या बायकांना विचारलं की कोणाच्या मसाल्यात ब्याडगी जास्त, कोणाच्यात लवंगी, कोण धणे किती घालतं हे सगळं कळतं, आणि मिरची कुठल्या दुकानातून घेतली तेही.

चांगलं कुठे मिळतं, असं विचारू नका

हा प्रश्न विचारला की समोरचा तुम्हाला पाहुणा समजतो आणि प्रसिद्ध नाव सांगून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा, "काका, तुम्ही घरी कुठून नेता?" रिक्षा स्टँडवर विचारा की दुपारी जेवायला कुठे बसता. बँकेच्या किंवा कोर्टाच्या आसपास असाल तर तिथल्या शिपायाला विचारा. मासळी बाजारात मावशींना भाव विचारण्याआधी आज काय ताजं आलं ते विचारा, बोलणं वेगळ्या सुरात सुरू होतं.

माझी आवडती युक्ती दुरुस्तीची आहे. मिक्सरचं भांडं, छत्री, सोऱ्याची चकती, प्रेशर कुकरची शिट्टी, हार्मोनियमचा भाता, जुनं घड्याळ, काहीतरी मोडकं घेऊन बाजारात जा आणि "हे कोण दुरुस्त करतं?" विचारत फिरा. नवी वस्तू विकणारा दुकानदार तुम्हाला मागच्या गल्लीत पाठवतो, तिथला माणूस जिन्याखालच्या टपरीकडे, आणि या वाटेवर जेवढी जुनी दुकानं दिसतात तेवढी नुसतं भटकून दिसत नाहीत. शिवाय काम होतं. पावसाळ्याच्या आधी छत्री घेऊन निघालात तर उत्तमच.

मोबाइल वापरा, पण उलटा

नकाशात देवनागरीत शोधून बघा. "खानावळ", "उपाहारगृह", "पोळी भाजी केंद्र", "कांडप" हे शब्द टाकले की रोमन लिपीत न दिसणारी नावं वर येतात. एकच नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहा, कारण जागा नोंदवणाऱ्याने जसं सुचलं तसं लिहिलेलं असतं.

तारे बघू नका, तारखा बघा. ताज्या फोटोंत पदार्थापेक्षा भिंतीवरच्या भावफलकाचा फोटो शोधा. त्यावरून भाव, वेळ आणि सुट्टी तिन्ही कळतात. एक तारा देणाऱ्यांची तक्रार वाचा. "बसायला जागा नाही", "मालक नीट बोलत नाही", "दुपारी बंद असतं" या तक्रारी असतील तर बेलाशक जा. "पोट बिघडलं" असं दोघांनी लिहिलं असेल तर जाऊ नका. लांबून निघणार असाल तर आधी फोन करा.

सापडलेल्या जागा जतन करताना खाणं, कपडे, पुस्तकं अशा याद्या करू नका. सकाळ, दुपार, रात्र, पावसाळा, सणाच्या आधी अशा करा. सकाळी सातला कोपरीत उभे असाल तेव्हा जी यादी उघडायची ती सकाळचीच.

खाण्याबद्दल थोडं

प्रसिद्ध ठिकाणं टाळावीत असं मी म्हणत नाही. मामलेदार मिसळ खायलाच हवी. तहसीलदार कचेरीच्या शेजारामुळे तिला हे नाव पडलं. तिखट, मध्यम, कमी तिखट असं विचारलं जातं, आणि पहिल्याच खेपेला फुशारकीने तिखट सांगू नये. तर्रीचा लाल तवंग आधी बाजूला न सारता पावाने टिपा, मग खालची उसळ ढवळा. दुपारच्या गर्दीपेक्षा सकाळी जा.

वडापावात ठाणेकरांचे गट आहेत आणि ते एकमेकांचं ऐकत नाहीत. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडा आकाराने मोठा, एकात जेवण होतं. नौपाड्यातल्या गजाननकडे लोक वड्याइतकेच पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी जातात. माझं मत गजाननच्या बाजूने आहे, पण भूक जोरात असेल तर मी कुंजविहारलाच जातो. पाचपाखाडीतल्या प्रशांत कॉर्नरला सणाच्या आदल्या संध्याकाळी जाणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेला त्रास. तिथे आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावं.

ही नावं झाली की त्यांच्या पलीकडे जा. कोपरीत सिंधी वस्ती आहे, तिथे सकाळच्या नाश्त्याला दाल-पकवान शोधा. रमजानमध्ये मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, राबोडीत फिरा. दोन माणसांनी मिळून एकेक वस्तू घेत गेलात तर जास्त प्रकार चाखून होतात. मासे खाणाऱ्यांनी चेंदणी कोळीवाडा चुकवू नये. स्टेशनला अगदी खेटून असूनही रोज लोकल पकडणाऱ्या कितीतरी लोकांना तो माहीत नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून शहाणी माणसं मे महिन्यातच सोडे, जवळा, सुके बोंबील भरून ठेवतात. सुक्या मासळीचं दुकान ओळखायला पाटी लागत नाही.

नव्या जागी गेलात की एकच नियम पाळा: काय मागवायचं ते भिंतीवर नका शोधू, आजूबाजूच्या टेबलांवर बघा. सगळ्यांच्या पुढे थालीपीठ आहे आणि तुम्ही पनीर मागवलंत, तर वाईट जेवणाला जबाबदार तुम्हीच.

संग्रहालय शोधताना पाटी शोधू नका

मोठं, तिकीट काढून बघायचं संग्रहालय हवं असेल तर ठाणेकराने सरळ मध्य रेल्वेने मुंबई गाठावी. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ज्याची इमारत १८७२ साली खुली झाली. आणि सीएसएमटीला उतरून पुढे गेलं की १९२२ पासून लोकांसाठी उघडं असलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. अशा ठिकाणी निघण्याआधी आठवड्याची सुट्टी आणि दुरुस्तीचं काम चालू नाही ना, हे पाहून घ्यावं.

ठाण्याचा ऐवज मात्र एका छपराखाली नाही, तो गावभर विखुरलेला आहे. तो पाहायचा क्रम मी असा लावतो.

सुरुवात कौपिनेश्वरापासून. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजघराण्याच्या काळात ठाण्याला श्रीस्थानक म्हणत, आणि हे देऊळ त्या काळाशी नातं सांगतं. आज दिसणाऱ्या मंदिराची उभारणी १७६०च्या आसपास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केली. आत गेल्यावर शिवलिंगाचा आकार बघून पहिल्यांदा आलेला माणूस थबकतोच. पालखीच्या किंवा सोमवारच्या गर्दीत न जाता साध्या दिवशी सकाळी जा, आणि परिसरातली छोटी देवळंही पाहा.

देवळासमोर मासुंदा, म्हणजे सगळ्यांची तलावपाळी. काठाकाठाने चालत गेलात की सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागतं, ज्याची मुळं पोर्तुगीज काळापर्यंत जातात. तिथून कारागृहाकडे. ठाणे मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला आहे: बांधकाम पोर्तुगिजांनी १७३०च्या सुमारास सुरू केलं, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं गेलं. आत कैदी आहेत, त्यामुळे ही बाहेरून बघायची वास्तू. तट बाहेरून नीट दिसतो, फोटो मात्र काढू नका, पहारेकरी हटकतो आणि ते बरोबरच आहे. याच किल्ल्याचा पाया खणताना १७८७ मध्ये शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट सापडला होता. शिलाहारांचं काम दगडात बघायचं असेल तर लोकलने अंबरनाथला जा. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख १०६० सालचा आहे, आणि देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर एक अख्खी सकाळ सहज जाते.

टेंभी नाक्याजवळ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शआर हाशामाईम, १८७९ सालचं. बेने इस्रायली समाज घरात मराठी बोलणारा, कोकणातून आलेला. ठाण्यात त्यांची वस्ती मोठी होती आणि अजूनही आहे. तिथे थेट दारात जाऊन उभं राहू नका. सुरक्षा कडक असते, शनिवारी प्रार्थना असते. आधी विचारणा करून, ओळखपत्र घेऊन, ठरलेल्या वेळी गेलात तर आदराने दाखवतात. हाच शिष्टाचार अग्यारीबाबत, एवढंच की पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसतो, वास्तू बाहेरून पाहायची.

आणि मग माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात दुर्लक्षित जागा: मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १ जून १८९३. संस्थापकांमध्ये विनायक लक्ष्मण भावे होते, 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते. लोक त्याला वाचनालय समजून वर्तमानपत्र वाचायला जातात, तेही ठीक. पण ठाण्याबद्दल काही शोधायचं असेल तर विषय कागदावर लिहून न्या, वयाने मोठ्या सेवकाला दाखवा आणि "या विषयावर जुनं काय निघेल?" असं विचारा. स्मरणिका, सभांचे अहवाल, जुने दिवाळी अंक या गोष्टी शेल्फवर हात घालून मिळत नाहीत, माणसाच्या आठवणीतून मिळतात. जुन्या अंकांतल्या जाहिराती जरूर वाचा. कुठलं दुकान तेव्हा कुठल्या नाक्यावर होतं ते त्यांत असतं, आणि त्यातलं एखादं आजही त्याच जागी असतं.

नवी मुंबईत रीत बदलावी लागते

ठाण्यात गल्ल्या गावानं पाडल्या. नवी मुंबई सिडको या सरकारी नगररचना कंपनीने कागदावर आखली. सिडको १९७० साली स्थापन झाली, त्यामुळे इथे पत्ता म्हणजे सेक्टर आणि प्लॉट. अशा शहरात भटकलात तर तीच तीच बँक आणि तेच तेच औषधांचं दुकान दिसत राहतं. दोन ठिकाणी बघायचं. एक, रेल्वे स्टेशनच्या इमारती आणि सेक्टरच्या बाजारांतले पहिले मजले. तळमजल्याचं भाडं न परवडणारे शिंपी, पुस्तकवाले, खानावळी तिथे चढतात. जिने चढायचा कंटाळा करू नका. दुसरं, सेक्टरांच्या मधोमध राहिलेली मूळ गावं: जुहूगाव, कोपरखैरणे, घणसोली, सारसोळे, करावे, दिवाळे. रस्ता अचानक अरुंद झाला, घरांना ओटे दिसायला लागले, की तुम्ही गावठाणात आलात. आगरी-कोळी जेवण इथे शोधावं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आगरी मसाल्यातली कोलंबी हे पदार्थ जिथे हळदी-लग्नांची जेवणं करणाऱ्या बायका हॉटेल चालवतात तिथे खरे लागतात.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने यायचं. ही सेवा २००४ पासून आहे आणि रस्त्याच्या वाहतुकीत अडकण्यापेक्षा शंभरदा बरी.

तुर्भे-वाशीचा एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचा घाऊक बाजार एकदा पहाटे बघाच. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटकडचा घाऊक व्यापार ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने इकडे आला. पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, धान्य आणि मसाला. भाजीचा बाजार उजाडायच्या आत गरम असतो. दहाला गेलात तर धुतलेली फरशी दिसेल. फळबाजारात हापूसच्या दिवसांत चार घरांनी मिळून पेटी घ्या, कारण सुटी फळं विकण्यात तिथे कुणाला रस नसतो. पेटी उघडून वरचा थर दाखवतील, तुम्ही खालचा बघायला मागा. मुरलेला व्यापारी त्याला रागवत नाही. डोक्यावर ओझं घेतलेला हमाल मागून ओरडला तर आधी बाजूला व्हा, मग वळून बघा. पायात बंद बूट हवेत. मसाला बाजाराला मात्र दिवसा निवांत जाता येतं, आणि कांडपाला जायच्या आधी ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी एकमेकांशेजारी ठेवून रंग आणि वास पारखायला त्यासारखी जागा नाही.

बेलापूरसाठी अख्खा दिवस ठेवा. सकाळी दिवाळे कोळीवाड्याचा मासळी बाजार, मग सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात ही वसाहत आखली. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि कुणाची भिंत कुणाला लागून नाही, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते इतकं मनापासून वाढवलं आहे की मूळ घर शोधावं लागतं. ही राहती वस्ती आहे, कुणाच्या अंगणात शिरू नका, खिडक्यांचे फोटो काढू नका. संध्याकाळी स्टेशनजवळचा अर्बन हाट. तिथे देशभरातले कारागीर ठराविक मुदतीसाठी येतात, म्हणून आज कोणतं प्रदर्शन आहे ते विचारूनच जा. प्रदर्शनाच्या पहिल्या दोन दिवसांत निवड भरपूर, शेवटच्या दिवशी भाव पडलेले.

ऐरोलीत वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. त्या खाडीत काय काय जगतं हे या केंद्रात समजतं. मुलांना न्यायला हे उत्तम. बोटीची फेरी भरती-ओहोटीच्या वेळेनुसार असते, त्यामुळे आधी नोंदणी करा, आणि फ्लेमिंगो बघायचेत तर हिवाळ्यापासून मेपर्यंतच जा. त्याच ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे. तिथलं ग्रंथालय आणि छायाचित्रांचं दालन घाईत उरकण्यासारखं नाही.

दुकानात वागायचं कसं, आणि नोंदी

पहिल्या भेटीत फोटो काढू नका. आधी काहीतरी विकत घ्या, मग "काढू का?" म्हणून विचारा. क्यूआर कोड सगळीकडे आहे, तरी शंभर-दोनशेचे सुटे जवळ ठेवा. पहाटेच्या बाजारात आणि मासळीवालीकडे त्यावाचून अडतं. कापडी पिशव्या दोन, आणि मासे घेणार असाल तर झाकणाचा डबा. भाव करायचा तो फेरीवाल्याकडे, भाव लिहिलेल्या दुकानात नाही.

प्रत्येक जागेबद्दल चार गोष्टी लिहून ठेवा: काय घेतलं, किती वाजता गेलो, सुट्टी कधी, आणि कोणी सांगितलं. चौथी नोंद लोक विसरतात. ज्याने एक चांगली जागा सांगितली त्याच्याकडे दुसरीही असते.

याद्या जुन्या होतात, आणि ठाण्यात जरा लवकरच होतात. नौपाडा, चरई, घंटाळीतल्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत, तळमजल्याची दुकानं त्यांच्याबरोबर उठतात, आणि नकाशा त्यांना बिनदिक्कत "कायमचे बंद" म्हणून टाकतो. त्यावर जाऊ नका. पत्र्याच्या कुंपणाजवळ उभे राहून बघा. बहुतेक वेळा तिथे "आम्ही येथे स्थलांतरित झालो आहोत" असा फलक, बाण आणि मोबाइल नंबर असतो. फलक नसेल तर समोरच्या पानवाल्याला किंवा शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, त्यांना नवी जागा ठाऊक असते. तात्पुरती जागा सहसा त्याच भागात, एखाद्या गॅरेजमध्ये किंवा मागच्या बाजूच्या गाळ्यात मिळते. तिथला पत्ता आणि परत मूळ जागी कधी येणार हे यादीत लिहा, आणि नकाशावर नवी जागा स्वतः नोंदवा. मालकाकडे तेवढा वेळ नसतो.